घाटात गाडी बसली... पण उचलणार कोण?

रस्त्यात गाडी बंद पडली तर धावून येणारी योजना हल्ली बऱ्याच जणांकडे असते. पण गाडी मोठी असेल तर हीच योजना ऐन वेळी हात वर करू शकते. म्हणून पैसे भरण्याआधीच काही प्रश्न विचारून घ्या...

मे महिन्यातली संध्याकाळ. गणपतीपुळ्याहून कोल्हापूरला परतणारी आमची तेरा आसनी व्हॅन साखरपा मागे टाकून आंबा घाट चढत होती. गाडीत अकरा माणसं. ऐंशीला टेकलेल्या आत्यापासून वर्षभराच्या नातवापर्यंत सगळे. शिवाय टपावर बॅगा आणि मागे आंब्याच्या सहा पेट्या. अर्धा घाट चढला आणि काहीतरी जळाल्यासारखा वास येऊ लागला. पुढच्या वळणावर इंजिन नुसतंच घोंगावायला लागलं, गाडी जागची हलेना. क्लचने राम म्हटला होता!

मेहुणे मात्र निर्धास्त. ‘‘घाबरू नका, आपल्याकडे रोडसाइड असिस्टन्स आहे,’’ असं म्हणत ते मोबाइलला रेंज शोधत रस्त्याने चालू लागले. दोन वळणांनंतर फोन लागला. पलीकडच्या मुलीने अगदी अदबीने चौकशी केली. गाडीचा नंबर? ठिकाण? बिघाड काय? आणि मग... ‘‘सर, गाडी किती सीटर आहे?’’

तेरा म्हटल्यावर क्षणभर शांतता. ‘‘सर, आमची टोइंगची गाडी एवढं वजन उचलत नाही. तुम्ही स्थानिक क्रेन बोलवा, बिल पाठवा. नियमात बसलं तर पैसे परत मिळतील.’’

नियमात बसलं नाही. घरी आल्यावर योजनेची पुस्तिका उघडली तेव्हा शेवटच्या पानावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत वजनाची मर्यादा छापलेली सापडली. क्रेन आली रात्री साडेदहाला. नऊ हजार रुपये रोख मोजले. बायका-मुलांना मलकापूरपर्यंत पोचवलं ते वाटेत आपणहून थांबलेल्या एका एस.टी.च्या चालकाने. त्या दिवशीची खरी रोडसाइड असिस्टन्स तीच!

पुढे शांतपणे विचार केल्यावर एक गोष्ट लक्षात आली. योजना खोटी नव्हती. ती आमच्या गाडीसाठी नव्हती, एवढंच. आणि ते आम्ही घाटात उभं राहेपर्यंत कुणालाही विचारलं नव्हतं.

माप छोट्या गाडीचं

रस्त्यावरच्या मदतीच्या बहुतेक योजना चार-पाच माणसांची खासगी कार डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या असतात. पंक्चर काढणं, उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या बॅटरीने चालना देणं, गाडीत अडकलेली किल्ली काढणं, पाच लिटर इंधन आणून देणं... या यादीत मोठ्या गाडीचं फारसं अडत नाही. अडतं ते शेवटच्या ओळीशी, म्हणजे गाडी उचलून गॅरेजपर्यंत नेण्याशी.

छोटी हॅचबॅक हजार किलोच्या आत-बाहेर असते. मोठी सात आसनी गाडी रिकामीच दोन टनांच्या आसपास भरते. तेरा आसनी व्हॅन माणसं-सामानासह तीन टनांच्या पुढे सहज जाते. ती उंच असते, लांब असते, आणि काही गाड्यांना मागे जोडचाकं असतात. छोटी कार उचलणारी गाडी तिला कशी पुरणार?

दुसरा अडथळा नंबरप्लेटचा. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची योजना पिवळ्या पाटीच्या गाडीला सहसा चालत नाही. घरची मोठी गाडी अधूनमधून भाड्याने देण्यासाठी तशी नोंदवलेली असेल, तर व्यावसायिक वाहनांची योजना वेगळी मागावी लागते.

मदतीचे चार दरवाजे

पहिला दरवाजा गाडी बनवणाऱ्या कंपनीचा. नव्या गाडीबरोबर काही काळ ही सेवा बहुधा मिळतेच, पुढे पैसे भरून वाढवता येते. माणसं त्या गाडीची नस ओळखणारी असतात, हा मोठा फायदा. पण गाडी न्यायची ती अधिकृत वर्कशॉपमध्ये, आणि मोठ्या गाड्यांची अशी वर्कशॉप गावोगावी नसतात. फुकट टोइंग पन्नास किलोमीटरपर्यंत आणि वर्कशॉप नव्वदवर, अशी गत झाली तर मधल्या चाळीसचं भाडं तुमचं.

दुसरा दरवाजा विमा कंपनीचा. इथे अनेकांचा गोंधळ होतो. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात गाडी उचलण्याचा खर्च धरलेला नसतो. सर्वसमावेशक पॉलिसी असली तरी त्यात यांत्रिक किंवा विजेचा बिघाड मुळातच वगळलेला असतो. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत गाडी जवळच्या गॅरेजला नेण्या-आणण्यासाठी १,५०० रुपयांपर्यंतची तरतूद असते, पण ती अपघातासाठी. क्लच गेला म्हणून ती मिळत नाही. बंद पडलेल्या गाडीसाठी जादा हप्ता भरून वेगळी जोड घ्यावी लागते, आणि वर्षातून किती वेळा बोलावता येईल याची मर्यादा तिच्यात असते.

तिसरा दरवाजा स्वतंत्र कंपन्यांचा आणि मोटारमालकांच्या संघटनांचा. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासूनची! जुनी गाडी असेल, कंपनीची मुदत संपली असेल, तर या दारावर जायला हरकत नाही. मात्र अनेक योजना पैसे भरल्याक्षणी लागू होत नाहीत, मध्ये काही दिवस जावे लागतात. उद्या पहाटे निघायचं आणि आज रात्री योजना घ्यायची, हे गणित चुकू शकतं.

चौथा दरवाजा सगळ्यांसाठी उघडा आहे, तो म्हणजे महामार्गाचा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. टोल असलेल्या रस्त्यावर गस्तीची गाडी, क्रेन आणि रुग्णवाहिका ठेवलेली असते. पण ही क्रेन तुम्हाला घरी पोचवायला नसते, रस्ता मोकळा करणं हे तिचं पहिलं काम. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहेत. त्यांचे मदत क्रमांक वेगळे असतात, ते निघण्यापूर्वीच टिपून घ्यावेत.

टोचन नको, फ्लॅटबेड हवा

पूर्वी गाडी बंद पडली की ट्रकवाला दोर काढायचा आणि टोचन करून गाडी तालुक्यापर्यंत आणून सोडायचा. आजच्या अनेक मोठ्या गाड्यांना हे सोसत नाही. ऑटोमॅटिक गिअरची गाडी, चारही चाकांना ताकद जाणारी फोर व्हील ड्राइव्ह किंवा विजेवरची गाडी, हिची चाकं रस्त्यावर फिरवत ओढली तर आतली यंत्रणा बिघडू शकते. क्लचच्या खर्चावर निभावलं असतं तिथे गिअरबॉक्सचं बिल हातात पडतं. अशी गाडी सपाट फळीच्या ट्रकवर, म्हणजे फ्लॅटबेडवर, अख्खी चढवूनच न्यायला हवी. ‘टोइंग मिळेल’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नका. ‘माझी गाडी फ्लॅटबेडवर नेणार का आणि तो फ्लॅटबेड किती टनांचा?’ असं सरळ विचारा.

आणखी दोन गोष्टी. २०२० मध्ये नियम बदलला. चालक धरून नऊ आसनांपर्यंतच्या ज्या गाड्यांना ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच आहे, त्यांना स्टेपनी सक्तीची राहिलेली नाही. तेव्हा डिकीत स्टेपनी आहे का, ते आजच उघडून पाहा! नसेल आणि टायर फाटला, तर पंक्चरवाला येऊन उपयोग नाही, गाडी उचलावीच लागेल. दुसरं, बी.एस. ६ च्या अनेक मोठ्या डिझेल गाड्यांना डिझेलशिवाय डी.ई.एफ. नावाचं युरियाचं द्रावणही लागतं. त्याची टाकी कोरडी पडली की एकदा बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. योजनेत डिझेल आणून देतात, हे आणून देतात का?

गाडी गेली, माणसांचं काय?

क्रेनच्या केबिनमध्ये चालकाशेजारी एक-दोघं बसतात. बाकीच्या नऊ जणांनी रात्री दहा वाजता घाटात काय करायचं? चांगल्या योजनांत पुढच्या प्रवासासाठी टॅक्सी किंवा एका रात्रीचा मुक्काम असतो. पण टॅक्सी एक की हव्या तितक्या? मुक्कामाचा खर्च माणशी की सगळ्यांचा मिळून? घरातून किती किलोमीटर दूर असल्यावर हा हक्क लागू होतो? मोठी गाडी घेणाऱ्याने हा भाग सर्वांत आधी वाचावा. गाडी एक रात्र रस्त्याकडेला उभी राहू शकते, मधुमेहाची गोळी घेणारी आत्या नाही.

कॅरॅव्हॅनवाल्यांनी जरा जास्तच...

घरासारख्या गाडीतून भटकण्याची हौस आता आपल्याकडेही रुजतेय. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली. पण व्हॅनवर पलंग, ओटा, पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या चढल्या की तिचं वजन आणि कधी कधी उंचीही बदलते. मूळ गाडीवर कंपनीने दिलेली सेवा या बदलानंतर चालू राहते का, ते लेखी घ्या. मागे जोडून ओढायची कॅरॅव्हॅन असेल, तर ती वेगळं वाहन आहे हे विसरू नका. पुढची गाडी उचलली आणि मागची तिथेच राहिली, असं व्हायला नको. कॅरॅव्हॅन भाड्याने घेत असाल, तर ती बंद पडल्यास कोण येणार, खर्च कुणाचा आणि उरलेल्या दिवसांचं भाडं परत मिळणार का, हे करारातच असू द्या.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

१. आर.सी. हातात घेऊन मॉडेल, आसनं आणि वजन सांगा. ‘ही गाडी बसते का?’ याचं उत्तर ई-मेलवर मागा.

२. किती किलोमीटर टोइंग फुकट? ते एकमार्गी की क्रेनच्या ठिकाणापासून येऊन-जाऊन?

३. मर्यादेपुढे दर किलोमीटरला किती रुपये?

४. घाट, बेटं, दुर्गम भाग किंवा काही राज्यं वगळली आहेत का?

५. गाडी खड्ड्यात किंवा चिखलात रुतली तर बाहेर काढण्याचा खर्च धरला आहे का?

६. द्रुतगती मार्गावर तिथलीच क्रेन घ्यावी लागली, तर पैसे परत मिळतात का?

७. वर्षातून किती वेळा बोलावता येतं? एकाच बिघाडासाठी पुन्हा येतात का?

८. गाडीतल्या सगळ्या माणसांची सोय कशी करणार?

आणि गाडी बसलीच तर...

गाडी शक्य तितकी डावीकडे घ्या. चारही इंडिकेटर लावा, परावर्तक त्रिकोण बराच मागे ठेवा. माणसांना गाडीत किंवा गाडीमागे उभं करू नका, कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तर तिथे न्या. कुणाला इजा झाली असेल, तर आधी ११२. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा मोह टाळा, कारण इंजिनात पाणी शिरून नुकसान वाढतं. आणि बंद गाडी वाऱ्यावर सोडून जाऊ नका. योग्य काळजी न घेता गाडी तशीच सोडणं हा विम्याच्या अटींचा भंग ठरतो.

मेहुण्यांनी यंदा नवी योजना घेतली. घेण्यापूर्वी फोनवर तब्बल पाऊण तास प्रश्न विचारले. पलीकडचा मुलगा शेवटी कंटाळून म्हणाला, ‘‘सर, एवढं कुणी विचारत नाही हो!’’

मेहुणे शांतपणे म्हणाले, ‘‘बाळा, एवढं सगळं घाटात विचारण्यापेक्षा घरात बसून विचारलेलं बरं.’’