आधी शरीर, मग शब्द

अमेरिकेतल्या बालसुधारगृहांत पोचणाऱ्या अनेक मुलींवर लहानपणीच अत्याचार झालेले असतात. फ्लोरिडात बालन्याय यंत्रणेच्या हाती आलेल्या सुमारे ६४ हजार मुलामुलींचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुली ३१ टक्के होत्या, मुलगे ७ टक्के. घरातल्या छळापासून मुलगी पळते आणि ते पळणंच तिचा गुन्हा ठरतं.

धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला शरीराला सावध करतो. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात. धोका टळला की हे सगळं ओसरायला हवं. पण धोका घरातच राहत असेल, तर शरीर सावधच राहतं. मग नुसतं दार आपटलं तरी मुलगी अंगावर धावून जाते, नाहीतर गोठून बसते. आघाताची आठवण जागी होते तेव्हा मेंदूतलं बोलण्याचं केंद्र मंदावू शकतं. म्हणून ‘काय झालं ते सांग’ म्हटल्यावर ती गप्प राहते, त्यात हट्ट नसतो.

म्हणून सुधारगृहात अशा मुलींसाठी योगवर्ग घेताना सुरुवात शरीरापासून करायची. श्वास सावकाश, लांबवत सोडला की व्हेगस मज्जातंतूमार्फत हृदयाची गती उतरते. तळपाय जमिनीला टेकलेत, जबडा आवळलाय, हे मुलगी हळूहळू ओळखू लागते. राग हातापर्यंत येण्याआधी तिला तो छातीत कळावा, यासाठी हा सराव.

आपल्याकडे योगवर्गात शिक्षक पाठ हाताने सरळ करतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. सुधारगृहातल्या या वर्गात नेमकं तेच टाळतात. शिक्षिका स्पर्श करत नाही, पाठीमागे जाऊन उभी राहत नाही, डोळे मिटायला भाग पाडत नाही. असुरक्षित वाटायला लावणारी आसनं बाजूला ठेवते. ‘वाटलं तर हात वर न्या, नको असेल तर राहू द्या,’ असं म्हणते. माझ्या मते खरा उपचार या ‘नको’मध्ये आहे. जिचा नकार कुणी मानला नाही, तिचा नकार इथे रोज मानला जातो.

मनोविकारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क यांनी इतर उपचारांनी गुण न आलेल्या ६४ स्त्रियांवर केलेला योगाचा प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा आठवड्यांनंतर योग करणाऱ्या गटातल्या ५२ टक्के स्त्रिया आघातोत्तर ताणविकाराच्या (पीटीएसडी) निकषांत बसत नव्हत्या. योग न करणाऱ्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. त्या प्रौढ होत्या, कोठडीतल्या मुली नव्हत्या, हे विसरता कामा नये. मुलींसाठी कॅलिफोर्नियात ‘द आर्ट ऑफ योगा प्रोजेक्ट’ योगाला लेखन आणि कलेची जोड देतो. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या २०१७ च्या अहवालानेही अशा कार्यक्रमांची बाजू घेतली.

पण सकाळी वर्गात ‘शरीर तुझं आहे’ असं ऐकलेल्या मुलीची संध्याकाळी कपडे उतरवून झडती घेतली, तर त्या वर्गाला काय अर्थ उरतो? बेड्या आणि एकांतकोठडीही तिचा शरीरावरचा हक्क असाच हिरावतात. त्यामुळे आघाताची समज देणारं प्रशिक्षण पहारेकऱ्यांनाही द्यायला हवं, आणि झडतीचे नियम आधी बदलायला हवेत.