यकृताची शस्त्रक्रिया आणि यंत्राचे बाहू

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय व डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालय ही दोन मोठी रुग्णालये आहेत. भोसरी-चाकण पट्ट्यातील कामगार कुटुंबे उपचारांसाठी या परिसरात येतात. मोटारींच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा यंत्रमानव त्यांच्या परिचयाचा आहे. साहजिकच ‘यकृताची शस्त्रक्रिया रोबोटने’ असे ऐकताच तोच पोलादी हात त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो.

ही धास्ती गैरसमजातून आलेली आहे. कारखान्यातील यंत्र आखून दिलेली हालचाल आपोआप करीत राहते. शस्त्रक्रियागृहातील यंत्राला असे स्वातंत्र्य नाही. शल्यचिकित्सक रुग्णापासून काही फुटांवर बसून पोटातील त्रिमितीय दृश्य सुमारे १० पट मोठे करून पाहतो. त्याची बोटे हलतात तशीच जेमतेम ८ मिलिमीटर जाडीची उपकरणे आत हलतात. बोटे थांबली की तीही थांबतात. हाताचा सूक्ष्म कंप मात्र यंत्र गाळून टाकते.

यकृताच्या बाबतीत हे मोलाचे ठरते. या अवयवातून दर मिनिटास सुमारे दीड लिटर रक्त वाहते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद कुईनो यांनी १९५७ मध्ये रक्तवाहिन्यांच्या मांडणीनुसार यकृताचे ८ खंड दाखविले, तेव्हापासून नेमका रोगग्रस्त खंड काढणे शक्य झाले. परंतु बरगड्यांआड दडलेल्या मागील खंडांपाशी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील सरळ उपकरणे अडखळतात. मनगटासारखी वळणारी उपकरणे तेथे पोहोचतात व बारीक टाकेही घालतात. शिरेतून हिरवे रंगद्रव्य देऊन विशिष्ट प्रकाशात पाहिल्यास खंडाची सीमाही उमटते.

खरी कसोटी लागते ती जिवंत दात्याच्या बाबतीत. पतीला यकृताचा भाग देणारी पत्नी स्वतः रुग्ण नसते. उरलेले यकृत काही आठवड्यांत बरेचसे वाढते, हे निसर्गाचे औदार्यच. पण बरगड्यांखालचा मोठा छेद तिला दीर्घकाळ जाणवतो. या पद्धतीत काढलेला भाग ओटीपोटावरील लहान छेदातून बाहेर घेता येतो. धोका मात्र उरतोच.

उणिवाही आहेत. बहुतेक यंत्रांत हाताला स्पर्श जाणवत नाही. डोळ्यांवरच विसंबावे लागते. खर्च मोठा आहे. गुरुग्राम येथे तयार होणाऱ्या ‘मंत्रा’ या भारतीय यंत्रामुळे तो उतरण्याची आशा आहे. अचानक रक्तस्राव झाल्यास यंत्राचे बाहू दूर सारून पोट उघडावे लागते. म्हणून संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी कुटुंबाने यंत्राच्या नावापेक्षा, या चमूने यकृताच्या अशा शस्त्रक्रिया किती केल्या आणि त्यांपैकी किती वेळा पोट उघडावे लागले, हे विचारावे.