पिंपातला उन्हाळा

जालना जिल्ह्यात केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीने इथे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेवर हल्ला केला. वेलस्लीच्या सैन्यात दोन स्कॉटिश पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी हायलँडर्स. त्यांतली ७४वी उजव्या बगलेवर असई गावाच्या दिशेने भरकटली आणि शिंद्यांच्या तोफांनी तिची चाळण केली. वेलस्लीच्या एकूण सैन्यापैकी ४२८ माणसं ठार झाली आणि अकराशेहून अधिक जखमी झाली. ७४व्या पलटणीचा वारसा सांगणारी स्कॉटिश तुकडी आजही 'असई दिवस' पाळते. स्कॉटलंडच्या लष्करी स्मृतीत जालना जिल्ह्यातलं एक गाव असं कायमचं कोरलं गेलं आहे.

सिंगल माल्टवर लिहायचं ठरवलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हे हायलँडर्स आले. ते व्हिस्कीच्या मुलखातून आलेले, पण हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायाला शिध्यात मिळायची ती अरक, म्हणजे इथलीच ताडीची किंवा उसाची दारू. त्यांच्या घरी, डोंगरात गाळली जाणारी व्हिस्कीही आज बाटलीत मिळते तशी नव्हती. ती बहुतेक चोरून गाळलेली आणि पिंपात फारशी न मुरवलेली असे. अबकारी कायदा सैल झाला १८२३ साली. त्यानंतर १८२४ मध्ये ग्लेनलिव्हेटच्या जॉर्ज स्मिथने परवाना घेतला. किमान काही वर्षं लाकडी पिंपात मुरवलीच पाहिजे, ही कायदेशीर सक्ती तर पहिल्या महायुद्धाच्या काळातली, १९१५-१६ची. आणि एकाच भट्टीची, मिश्रण न केलेली माल्ट 'सिंगल माल्ट' म्हणून ग्लेनफिडिकने परदेशी बाजारात जोरकसपणे मांडायला सुरुवात केली १९६३ मध्ये. तोवर जगात 'स्कॉच' म्हणून खपायची ती बव्हंशी मिश्रणं.

एवढा इतिहास आधी सांगितला, कारण 'ती त्यांची शेकडो वर्षांची परंपरा, आपण काय नक्कल करणार' हे वाक्य मी फार ऐकलं आहे. आज आपण जिला सिंगल माल्ट म्हणतो तिची रीतसर घडण असईच्या लढाईनंतरची आहे. तिच्यात भारताने टाकलेली भर खरी आहे, आणि ती भर उन्हाची आहे.

आधी व्याख्या. मोड आणून वाळवलेलं सातू, पाणी आणि यीस्ट. एकाच कारखान्यात, तांब्याच्या हंड्यांत, घाण्याघाण्याने ऊर्ध्वपातन. मग ओकच्या पिंपात मुरवण. स्कॉटलंडच्या २००९च्या नियमांनुसार पिंप ७०० लिटरपेक्षा मोठं नको, मुदत किमान ३ वर्षं आणि बाटलीतली तीव्रता किमान ४० टक्के. याउलट, वाइन शॉपच्या फळीवर 'व्हिस्की' म्हणून जे सर्वाधिक विकलं जातं त्यात मोठा वाटा मळीच्या स्पिरिटचा असतो, आणि युरोपीय संघात त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. मळी आपल्याला परकी नाही. अंबड आणि घनसावंगीच्या उसाच्या पट्ट्यात साखर कारखाने तीच बाहेर काढतात. पण उभ्या स्तंभात ९६ टक्क्यांच्या आसपास नेलेल्या स्पिरिटमध्ये उसाची ओळख शिल्लक राहत नाही. हंडीतून दुसऱ्या फेरीत उतरणारी माल्ट ६५ ते ७० टक्क्यांची असते, आणि उरलेल्या त्या हिश्शात धान्याचे तेलकट, फळासारखे, कधी बिस्किटासारखे वास टिकतात. चवीचा सगळा प्रश्न त्या फरकात आहे.

भारतातून ही गोष्ट जगापुढे नेली ती बंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीजने. १९४८ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी जगदाळे घराण्याची. मराठवाड्याच्या वाचकाला हे आडनाव वाचताच आपलं माणूस भेटल्यासारखं वाटेल, मला तरी वाटलं. कंपनीने १९८०च्या दशकात माल्ट गाळायला घेतली ती मिश्रणांत घालण्यासाठी. तिच्यातली चांगली मुरलेली माल्ट स्वतंत्रपणे विकावी हा विचार नीलकंठ जगदाळे यांचा. त्यांचे चिरंजीव रक्षित तेव्हा न्यूकॅसलला व्यवस्थापन शिकत होते, आणि भारतीय सिंगल माल्ट ब्रिटनमध्ये खपेल का, हा त्यांच्या अभ्यासाचाच विषय झाला. २४ ऑगस्ट २००४ रोजी अमृत बाजारात उतरली. जागा होती ग्लासगो. भारतात विकण्याआधी स्कॉटलंडमध्ये विकायला न्यायची, या निर्णयातलं धाडस मला आजही थक्क करतं. आपल्या व्हिस्की-मार्गदर्शिकेच्या २०१०च्या आवृत्तीत जिम मरे या समीक्षकाने 'अमृत फ्यूजन'ला शंभरपैकी ९७ गुण देऊन जगात तिसरी ठरवलं आणि वारं फिरलं. फ्यूजनमध्ये तीन हिस्से भारतीय सातू असतं आणि एक हिस्सा स्कॉटलंडहून आणलेलं, पीटच्या धुरावर वाळवलेलं.

पुढची पायरी गोव्यातली. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीच्या जॉन डिस्टिलरीजने २०१२ मध्ये 'पॉल जॉन' बाहेर काढली, तीही आधी लंडनमध्ये. मग रामपूर आली २०१६ मध्ये. ती बनवणाऱ्या कंपनीचा भागीदारीतला एक कारखाना जालन्याहून संभाजीनगरला जाताना शेंद्र्याला लागतो, पण ही माल्ट होते उत्तर प्रदेशातल्या रामपूरला. हरियाणातल्या इंद्री गावची 'इंद्री' २०२१ची. तिच्या दिवाळी आवृत्तीने २०२३ मध्ये अमेरिकेतल्या 'व्हिस्कीज ऑफ द वर्ल्ड' स्पर्धेत सर्वोच्च मान मिळवला. राजस्थानातल्या अलवरची 'गोडावण' नाव घेते माळढोकाचं. आपल्या नान्नजच्या माळावर तो पक्षी किती दुर्मीळ झाला आहे हे जाणणाऱ्याला ते नाव वाचताना चटका बसतो. महाराष्ट्रही मागे नाही. पेर्नो रिकारची 'लाँगिट्यूड ७७' नाशिकच्या दिंडोरीत होते, द्राक्षांच्या मुलखात, आणि तिच्या मुरवणीत वाइनची पिंपं वापरतात. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीजने दशकानुदशकं इतरांसाठी माल्ट गाळली आणि आता 'क्रेझी कॉक' या स्वतःच्या नावाने बाजारात आली. पेर्नो रिकारने नागपूरजवळ बुटीबोरीला १,७८५ कोटी रुपयांपर्यंतच्या गुंतवणुकीचा माल्ट कारखाना २०२४ मध्ये जाहीर केला आहे.

आता उन्हाकडे येऊ. पिंप श्वास घेतं. ऊन वाढलं की आतला द्रव प्रसरण पावून लाकडात शिरतो, थंडी पडली की मागे येतो. येताना लाकडातल्या लिग्निनपासून तयार झालेलं व्हॅनिलिन, ओकमधले नारळाच्या वासाचे लॅक्टोन आणि जळक्या आतल्या बाजूचा रंग घेऊन येतो. सोबत काही भाग दरवर्षी हवेत उडतो. स्कॉटिश लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. तिथे तो वर्षाला सुमारे २ टक्के, गोव्यात ८ टक्क्यांच्या आसपास आणि बंगळुरूत १० ते १२ टक्के. हिशेब करून पाहावा. बर्बनचं पिंप साधारण २०० लिटरचं. २ टक्क्यांनी बारा वर्षांत त्यातले १५७ लिटर उरतात. १० टक्क्यांनी पाचच वर्षांत ११८ आणि बारा वर्षांत अवघे ५६. अमृतने आठ वर्षं मुरवलेली 'ग्रीडी एंजल्स' काढली तेव्हा पहिल्या खेपेला केवळ १४४ बाटल्या भरल्या, त्याचं कारण या गणितात आहे.

म्हणून भारतीय बाटलीवर वयाचा आकडा बहुधा नसतो. ग्राहक बाटली उलटसुलट करून '१२' किंवा '१८' शोधतो आणि न सापडल्यावर तिला कमी लेखतो. हा निकष मला चुकीचा वाटतो. बारा वर्षं हा थंड, दमट गोदामातल्या मुरवणीचा आकडा आहे. उष्ण प्रदेशात चार-पाच वर्षांत लाकूड आपलं बहुतेक काम करून बसतं, आणि त्यापुढे ठेवली तर ओकचा तुरटपणा धान्याला गिळून टाकण्याचा धोका असतो. उष्णतेने केवळ वेग वाढतो असंही नाही. लाकडातून ओढून घेण्याचं काम झटपट होतं, पण हवेशी संथ संयोग होऊन येणारा जुन्या स्कॉचचा मऊपणा घाईने मिळत नाही. तेव्हा दोन्हींची चव वेगळी असणारच, आणि तुलना करायची तर या वेगळेपणाची करावी.

मी आणि माझे मित्र गेली काही वर्षं तशी तुलना करत आलो आहोत. कंपन्यांचा क्रम न लावता हवामानाचा लावायचा: समुद्रकाठची, पठारावरची, उत्तरेची आणि वाळवंटाच्या कडेची. ट्यूलिपच्या आकाराचा छोटा ग्लास, बर्फ नाही, घोट अगदी बेताचा, आणि शेवटी पाण्याचे थेंब. पाण्याला कारण आहे. स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रिडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रतिमानातून दाखवलं की व्हिस्की पातळ केल्यावर ग्वायाकॉल हा धुरकट वासाचा रेणू पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे नाकाच्या जवळ येतो. ५० टक्क्यांच्या फ्यूजनला थोडं पाणी घातलं की धूर वर येतो हे नाकाला आधीच कळलं होतं.

माझं मत असं. फ्यूजन जाडसर, भाजलेल्या धान्याची आणि तिचा धूर मागून येणारा. पॉल जॉनची 'ब्रिलियन्स' गोड, मधाळ आणि मोकळी, तिच्यात किनाऱ्याच्या दमट हवेतला गोलावा आहे. तिच्याच घरातली 'एडिटेड' मला अधिक आवडते. धूर हलका असल्याने ती माल्ट झाकत नाही. मराठवाड्यातल्या जिभेला हा धूर परका नाही, हुरड्याच्या आगटीतल्या गोवऱ्यांचा वास ज्याने नाकात साठवला आहे त्याला पीट समजावून सांगावा लागत नाही. इंद्रीत बर्बन, फ्रेंच वाइन आणि शेरी अशी तीन लाकडं आहेत. पहिल्या भेटीत ती सगळ्यांना जिंकते, मनुका आणि मसाला उदंड, पण चौघींना शेजारी ठेवलं की मला तिच्यात पिंप जास्त आणि धान्य कमी जाणवतं. लाँगिट्यूड सौम्य आहे. नवख्याला मी तीच देईन, स्वतःसाठी मात्र दुसऱ्यांदा ओतणार नाही.

गोडावणपाशी मी सगळ्यांत जास्त थांबतो, कारण अलवरचं हवामान आपल्याला जवळचं आहे. दमट हवेत पिंपातून अल्कोहोल पाण्यापेक्षा जास्त उडतं, त्यामुळे तीव्रता घसरत जाते. कोरड्या हवेत पाणी जास्त उडतं आणि तीव्रता चढते. जालन्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, हवा खडखडीत कोरडी, आणि जुलैत तीच हवा ओली होते. इथे गोदाम बांधलं तर पिंप उन्हाळ्यात एका दिशेने आणि पावसाळ्यात दुसऱ्या दिशेने चालेल. अशा दुहेरी चालीची माल्ट कशी लागेल याचं मला विलक्षण कुतूहल आहे.

मात्र सातू हे आपलं पीक नाही, ते राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणाचं. तिथलं सहा ओळींच्या कणसाचं सातू प्रथिनाला जास्त आणि पिठाला कमी, म्हणून टनामागे दारू कमी उतरते, पण चव भरदार येते. जालन्याचं धान्य ज्वारी. 'जालना सोन्याचा पाळणा' म्हणणाऱ्या या बियाण्यांच्या बाजारपेठेत ज्वारीच्या वाणांची माहिती शेतकऱ्याच्या तोंडावर असते. चीनमध्ये ज्वारीपासून बाइजू गाळतात. माओताय तिच्यातली सर्वांत नामांकित, आणि तिच्या वासाच्या छटांवर तिथे माल्टइतकीच बारकाईने चर्चा होते.

आपल्याकडेही ज्वारीची दारू हा विषय येऊन गेला आहे. २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्काचं धोरण आणलं, लिटरमागे १० रुपये अनुदान ठरवलं, आणि पावसात काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल असं सांगितलं गेलं. डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. तो विरोध मला पटतो. उभी बाटली की आडवी बाटली, या दारूबंदीच्या मतदानासाठी रांगेत उभ्या राहिलेल्या गावोगावच्या बायकांनी स्वस्त दारूने काय केलं आहे ते घरात भोगलेलं असतं. माल्टच्या गुणांवर लिहिताना त्यांच्यासमोर बोलतोय हे मी विसरू शकत नाही, आणि परवाना काढून, पंचविशीनंतर, दोन घोट चाखणाऱ्याचा छंद आणि त्यांचं दुःख एका तराजूत घालणार नाही.

पण त्या धोरणाविषयी माझी आणखी एक तक्रार आहे, चवीची. त्या अनुदानातून जे बनायचं ते स्तंभातलं शुद्ध स्पिरिट होतं, ज्यात ज्वारी, मका आणि तांदूळ यांत जिभेला काहीच फरक कळत नाही. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने 'महाराष्ट्र मेड लिकर' हा धान्याधारित मद्याचा नवा प्रकार मंजूर केला आणि १८० मिलीला किमान १४८ रुपये किंमत ठरवली. शुल्क, महसूल, किमान भाव, सगळ्याचा विचार त्यात झाला. शाळूला मोड आणून, हंडीत गाळून, मोजकी पिंपं पाच उन्हाळे ठेवून पाहावीत, उत्पादन थोडंच ठेवावं आणि ते महाग विकावं, असा पर्याय मात्र कुठल्याही धोरणाच्या चर्चेत माझ्या वाचनात आला नाही. आठ-दहा पिंपं आणि एक पत्र्याचं गोदाम एवढ्यावर तो प्रयोग सुरू होऊ शकतो, आणि मला तो बदनापूर किंवा अंबडच्या माळावर झालेला पाहायचा आहे.