बशीतल्या पेशी आणि पोटातली हळद

हळद मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी मारते, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, असा मजकूर फोनवर सतत फिरत असतो. तो साफ खोटा असता, तर खोडून काढणं सोपं गेलं असतं. पण त्यात तथ्याचा एक अंश आहे आणि त्या अंशाच्या भरवशावर माणसं उपचार लांबवतात.

हा दावा ज्या प्रयोगांवर उभा आहे, त्यांत वारंवार वापरला जाणारा पेशींचा एक वाण म्हणजे एचटी-29. 1964 मध्ये 44 वर्षांच्या एका स्त्रीच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीतून या पेशी काढल्या गेल्या. त्यांची संतती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत बशीत वाढवली जाते. त्यांच्यावर हळदीतलं करक्युमिन, कांद्यातलं क्वेर्सेटिन किंवा हिरव्या चहातलं ईजीसीजी घातलं, की त्यांची वाढ मंदावते, कित्येक पेशी मरतात. ही सगळी वनस्पतींमधली फिनॉलिक संयुगं. इथवरचं सगळं खरं आहे.

गैरसमज : बशीत मेल्या, म्हणजे पोटातही मरतील

खरी मेख मात्रेत आहे. बशीतल्या पेशींना करक्युमिन बहुधा 10 ते 50 मायक्रोमोलर इतक्या तीव्रतेनं दिलं जातं. तैवानमध्ये 2001 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना रोज 8 ग्रॅम शुद्ध करक्युमिन दिलं, तरी रक्तातली त्याची कमाल पातळी सरासरी 1.8 मायक्रोमोलरच्या आसपासच राहिली. हळदीत करक्युमिन असतं साधारण तीन टक्के. म्हणजे तेवढं मिळवायला रोज पाव किलोहून जास्त हळद खावी लागेल. दुधात घातलेल्या अर्ध्या चमच्याचा हिशेब यावरून ज्याचा त्याला करता येईल.

मोठ्या आतड्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. जे रक्तात शोषलं जात नाही, ते पुढे सरकत आतड्याच्या अस्तराला थेट भिडतं. म्हणूनच या कॅन्सरबाबत संशोधकांची आशा टिकून आहे आणि ती अनाठायी नाही. पण तिथे वाटेत जिवाणू भेटतात. डाळिंबातल्या संयुगांचं ते युरोलिथिनमध्ये रूपांतर करतात, तेही सगळ्यांच्या आतड्यात होत नाही. बशीत घातलेलं संयुग आणि आतड्यापर्यंत पोचलेलं संयुग बरेचदा एकच नसतं.

बशीचीही स्वतःची फसवणूक असते. सिंगापूरच्या संशोधकांनी 2000 साली दाखवून दिलं, की ईजीसीजी आणि क्वेर्सेटिन पेशींच्या पोषक द्रवात विरघळताच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेशी मरण्यामागे कधी कधी हेच असतं. करक्युमिन तर स्वतःच चमकतं, त्यामुळे प्रकाशावर चालणाऱ्या मोजमापांत घोटाळा होतो.

गैरसमज : माणसांवरही सिद्ध झालंय

इथे एका संशोधक गटाची गोष्ट मला फार मोलाची वाटते. काही कुटुंबांत आनुवंशिक दोषामुळे मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे अस्तरावरच्या लहान गाठी, येतात आणि पुढे त्यांतून कॅन्सर होतो. अशा पाच रुग्णांना करक्युमिन आणि क्वेर्सेटिन दिल्यावर सहा महिन्यांत पॉलिपची संख्या सरासरी 60 टक्क्यांनी घटली. हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालं आणि गाजलं. मात्र त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. मग त्याच गटानं 44 रुग्णांवर रीतसर चाचणी केली. काहींना वर्षभर रोज 3 ग्रॅम करक्युमिन, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. 2018 मध्ये निकाल आला : दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. आपल्याच आशादायक निष्कर्षाची इतकी कडक परीक्षा घेऊन उत्तर जसं आलं तसं छापणं, याला मी विज्ञान म्हणतो. फोनवर मात्र 2006चाच निकाल फिरतो.

गैरसमज : डॉक्टरांना झाडपाल्याचं वावडं असतं

मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचं इरिनोटेकान हे औषध झाडातूनच आलं. कॅम्प्टोथेसिन हे त्याचं मूळ द्रव्य 1966 मध्ये एका चिनी झाडात सापडलं. ते फिनॉलिक गटातलं नाही, अल्कलॉइड आहे. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडातही ते असतं आणि त्यापायी नरक्याची बेसुमार तोड झाली. मूळ द्रव्य रुग्णांना सोसवेना, म्हणून सत्तरच्या दशकात चाचण्या थांबल्या. त्याच्या रेणूत बदल करून इरिनोटेकान घडवलं गेलं आणि अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली 1996 मध्ये. झाडापासून औषधापर्यंत तीस वर्षं.

गैरसमज : फायदा नाही झाला, तरी अपाय नाही

जेवणातल्या हळदीपुरतं हे ठीक आहे. कॅप्सूलची गोष्ट निराळी. करक्युमिन शोषलं जावं म्हणून तिच्यात अनेकदा मिरीतलं पायपरिन घालतात. बंगळुरूच्या 1998 मधल्या अभ्यासात त्यानं शोषण वीस पटींनी वाढलं होतं. पण शरीर ज्या यंत्रणेनं इतर औषधांचं विघटन करतं, तिलाही पायपरिन अडवतं. हळदीच्या कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं अमेरिकेत आणि इटलीत नोंदली गेली आहेत. हिरव्या चहाच्या अर्काबाबत युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये सांगितलं, की रोज 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी पूरक गोळ्यांतून घेतल्यास यकृताला धोका संभवतो. केमोथेरपी चालू असेल, तर अशी प्रत्येक गोळी आधी डॉक्टरांना दाखवा.

भाज्या, डाळी, भरड धान्यं, फळं भरपूर खावीत. तंतुमय आहारानं या कॅन्सरचा धोका कमी होतो, याचे पुरावे चांगले आहेत. व्यायामानंही तो घटतो. दारू, तंबाखू, लठ्ठपणा आणि प्रक्रिया केलेलं मांस यांनी वाढतो. आणि शौचावाटे रक्त पडत असेल, शौचाच्या सवयी आठवडेच्या आठवडे बदललेल्या असतील, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरत असेल, तर मूळव्याध समजून घरगुती उपाय करत बसू नका. डॉक्टरांकडे जा. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीनं आतडं तपासताना, पॉलिप दिसला, तर बहुतेकदा तो त्याच वेळी काढून टाकता येतो, कॅन्सर व्हायच्या आधीच.