चष्मा घालवण्याआधी

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आणि लग्नाला आलेल्या मुलींचे आईबाप आमच्या वडीगोद्रीत हल्ली एकच प्रश्न विचारतात. लेसरने चष्मा कायमचा जातो म्हणतात, करून घ्यावे का? कर्ज काढण्याआधी चार गोष्टी ध्यानात घ्याव्यात, म्हणून हे लिहीत आहोत.

डोळ्याच्या पुढच्या काचेसारख्या पडद्याला डॉक्टर कॉर्निया म्हणतात. त्याची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. लेसरने हा पडदा किंचित तासून त्याचा बाक बदलतात आणि त्यामुळे नंबर जातो. असा लेसर शेजारचा भाग न भाजता ऊती कापू शकतो, हे १९८१ साली अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत दिसून आले. ते दाखवणाऱ्या तिघांपैकी रंगस्वामी श्रीनिवासन हे मूळचे मद्रासचे.

तासलेला पडदा पुन्हा भरून येत नाही. म्हणून शस्त्रक्रियेपेक्षा आधीची तपासणी मोठी. वय १८ च्या पुढे हवे आणि नंबर निदान वर्षभर स्थिर हवा. पडदा पातळ असेल, शंकूसारखा फुगत असेल, डोळे फार कोरडे असतील, मधुमेह आटोक्यात नसेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर डॉक्टर नाही म्हणतात किंवा थांबायला सांगतात. तपासणीत पडद्याचा नकाशा काढतात, जाडी मोजतात, थेंब टाकून डोळ्याच्या आतला पडदाही पाहतात. थेंबांमुळे काही तास अंधूक दिसते, तेव्हा सोबत माणूस न्यावा, मोटारसायकल स्वतः चालवू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी किती दिवस आधी त्या बंद कराव्यात, हे आधीच विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेला भूल देत नाहीत, थेंबांनी डोळा बधिर करतात. काम थोड्या मिनिटांचे असते आणि त्याच दिवशी घरी सोडतात. काही तास चुरचुरते, पाणी येते. डोळा चोळायचा नाही. डॉक्टर सांगेपर्यंत शेतातली धूळ, चुलीचा धूर आणि विहिरीतले पोहणे टाळावे. काही महिने डोळे कोरडे वाटतात. रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. धुळे-सोलापूर महामार्गावर रात्री गाडी हाकणाऱ्या चालकांनी हे आधी विचारात घ्यावे. क्वचित जंतुसंसर्ग होतो, थोडा नंबर उरतोही. चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागायचा तो लागतोच, आणि मोतीबिंदूही टळत नाही.

भरतीसाठी करणाऱ्यांनी जाहिरातीतली वैद्यकीय अट आधी वाचावी. सैन्याच्या काही प्रवेशांत ही शस्त्रक्रिया कोणत्या वयात झाली आणि तिला किती काळ लोटला, हेही पाहतात. आज शस्त्रक्रिया आणि उद्या मैदान, असे चालत नाही. नंबर ७.५ पेक्षा कमी असेल तर आरोग्य विम्यातून सहसा खर्च मिळत नाही. म्हणून दोन्ही डोळ्यांचा, तपासणी-औषधांसह एकूण खर्च लिहून घ्यावा.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात नेत्र विभाग आहे. आधी तिथे डोळे तपासून घ्यावेत, मग खासगी दवाखान्याची पायरी चढावी. डॉक्टरांनी 'नको' म्हटले तर 'होईल' म्हणणारा दुसरा दवाखाना शोधत फिरू नये. त्या नकाराने डोळे वाचलेले असतात. आणि मुलीच्या चष्म्यावर बोट ठेवणाऱ्या स्थळासाठी आईबापांनी कर्ज मुळीच काढू नये. चष्मा म्हणजे व्यंग नव्हे.