एसी बंद पडला? दोष खांबावर, घरात की मशीनमध्ये, असं ओळखा

पाचाड (ता. महाड) : रायगडाच्या पायथ्याशी एसी बंद पडला आणि मेकॅनिक महाडहून बोलवायचा ठरला, तर त्याची जाऊन-येऊन सुमारे ५० किलोमीटरची फेरी होते. तो आल्यावर ‘व्होल्टेजच नाही’ असं निघालं, तर दिवस आणि व्हिजिटचे पैसे दोन्ही वाया. म्हणून आधी दोष कुठे आहे ते ओळखा. काहीही न उघडता हे बऱ्यापैकी कळतं.

खांबापासून मीटरपर्यंत

घरात २३० व्होल्ट वीज अपेक्षित असते. त्यात सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण २१६ ते २४४. स्टॅबिलायझरवरचा आकडा बघा. संध्याकाळी दिवे मंद होत असतील, पंखा रेंगाळत असेल, तर एसी बंद ठेवा. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जोर करतो आणि तापतो.

थ्री-फेज जोडणीत काही दिवे मंद आणि काही झगझगीत झाले, तर न्यूट्रल तुटल्याची शक्यता असते. लगेच मेन स्विच बंद करा. तक्रार महावितरणकडे, क्रमांक १९१२.

मीटरपासून प्लगपर्यंत

एमसीबी पडला तर एकदाच वर करा. पुन्हा पडला तर थांबा. ‘मोठा एमसीबी टाकून द्या’ हा सल्ला धोक्याचा आहे. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो. तो मोठा केला की आधी वायर तापते.

दीड टनाच्या एसीला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, एक्स्टेंशन बोर्ड नको. प्लग काळवंडला असेल किंवा जळका वास येत असेल, तर जोड सैल आहे. हे काम वायरमनचं.

प्लगच्या पुढे, मशीनमध्ये

वीज जाऊन आल्यावर कॉम्प्रेसर साधारण तीन मिनिटं सुरू होत नाही. तो बिघाड नाही. रिमोटचे सेल बघा, मोड ‘कूल’वर आहे का तेही बघा.

आतला पंखा चालू, पण बाहेरच्या युनिटमधून नुसती घुंई ऐकू येते आणि गारवा नाही? साध्या एसीत बहुतेकदा कपॅसिटर गेलेला असतो. इन्व्हर्टर एसीत दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो किंवा एरर कोड येतो. त्याचा व्हिडिओ काढून मेकॅनिकला पाठवा, म्हणजे तो योग्य पार्ट घेऊनच निघेल. पाल, मुंग्या किंवा उंदीर आत शिरूनही सर्किट बोर्ड जळतो.

शॉक लागत असेल तर

एसीच्या पत्र्याला झिणझिण्या येत असतील किंवा आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर वीज गळते आहे. एसीला पुन्हा हात न लावता त्याचा एमसीबी बंद करा. आरसीसीबी बायपास करू नका. कातळाची जमीन एप्रिल-मेमध्ये सुकते, तेव्हा अर्थिंगही कमजोर पडतं. उन्हाळ्याच्या तोंडावर वायरमनकडून ते तपासून घ्या. भर पावसात, ओल्या हातांनी बाहेरच्या युनिटजवळ जाऊ नका.

हे घरी करू नका

बाहेरच्या युनिटचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते आणि तिचा झटका जिवावर बेतू शकतो. यूट्यूब बघून कपॅसिटर बदलण्यात वाचणारे काहीशे रुपये त्या जोखमीपुढे काहीच नाहीत.