विसरलेल्या मोगलीचा पत्ता

सातारा-सांगलीकडील एखाद्या शाळेच्या शिक्षकदालनात किंवा कचेरीच्या मधल्या सुट्टीत चाळिशी गाठलेली चार मंडळी जमली आणि लहानपणच्या दूरदर्शनचा विषय निघाला, की एक प्रश्न हटकून उपस्थित होतो. रविवारी सकाळी लागणारे ते जंगलातल्या मुलाचे कार्टून नेमके कोणते? एकास लांडग्यांची पिल्ले आठवतात, दुसऱ्यास पोक्त बोलणारा अजगर आठवतो, तिसरा छातीठोकपणे सांगतो की त्यातील अस्वल विमान चालवीत असे. कोणी ते डिस्नेचे ठरवितो, कोणी ते अस्सल भारतीय म्हणतो. शीर्षकगीताची चाल मात्र सर्वांस येते. घंटा वाजते आणि वाद जेथल्या तेथे राहतो. संध्याकाळी घरी मुलाने "बाबा, तुमच्या वेळचे ते कार्टून दाखवा ना" असा हट्ट धरला, म्हणजे बाबांस त्याचे नाव सांगता येत नाही.

प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु वाचलेल्या पुस्तकाचा लेखक ज्यास सांगता येत नाही त्या विद्यार्थ्यास आपण वर्गात उभे करतो; ज्या चित्रमालेने एका सबंध पिढीचे रविवार घडविले तिचा कर्ता मात्र त्याच वर्गातील गुरुजींस ठाऊक नसतो, हे काही बरे नव्हे. शिवाय येथे उत्तर अवघड नाही. आठवणीतील खुणा नीट निवडल्या म्हणजे ते सापडते.

१९९३ च्या सुमारास दूरदर्शनने हिंदीत दाखविलेली ती मालिका जपानी होती. टोकियोतील निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने रुडयार्ड किपलिंगच्या 'जंगल बुक'वरून ती निर्मिली. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. भाग एकूण ५२. जपानमध्ये ती ऑक्टोबर १९८९ ते ऑक्टोबर १९९० असे वर्षभर, आठवड्यास एक या बेताने दाखविण्यात आली. जपानी चित्रमालांना आज सर्वत्र 'ॲनिमे' म्हणतात; हा शब्द आपल्याकडील मुलांच्या तोंडी येण्यापूर्वीच त्यांच्या आईबापांनी एक अख्खा ॲनिमे पाहून संपविला होता, आणि तो जपानी आहे याची त्यांस दादही नव्हती.

दाद नसण्यास कारणही तसेच होते. कथा मध्य प्रदेशातील सिवनीच्या रानातली. पात्रांची नावे हिंदीतून उचललेली: अकेला, हाथी, बगीरा. अस्वलाचे नाव तर मोठा प्रवास करून आले. हिंदीतील भालू किपलिंगच्या इंग्रजीत 'बालू' झाला, तेथून जपानीत गेला आणि बावन्न भागांसह पुन्हा हिंदीत उतरला. स्वतः किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला. त्याचे वडील तेथील जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. मोगलीच्या कथा त्याने लिहिल्या त्या अमेरिकेतील व्हरमाँट येथे, बर्फाळ प्रदेशात राहून. चित्रे जपानची, शब्द आंग्ल लेखकाचे, रान आपले. आणि हिंदी आवृत्तीसाठी स्वतंत्रपणे बांधलेले शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. भारद्वाज पुढे चित्रपटदिग्दर्शक म्हणून गाजले. शेरखानचा तो धारदार आवाज नाना पाटेकरांचा, म्हणजे मुरूड-जंजिऱ्याच्या मराठी माणसाचा. इतके झाल्यावर पोरांनी मालिका आपलीच मानली, तर त्यांस कोणी दोष द्यावा?

आता विमानाच्या अस्वलाकडे वळू. तो गृहस्थ खोटे बोलत नाही. त्याच्या स्मरणात दोन मालिका एकमेकींत मिसळल्या आहेत, इतकेच. त्याच दशकात दूरदर्शनवर डिस्नेची 'टेलस्पिन' हिंदीतून दाखविण्यात येई. तीत बालू वैमानिक आहे, शेरखान कोट घालून व्यापार करतो आणि लुई नावाचा वानर खानावळ चालवितो. हा लुई ही उत्तम खूण होय, कारण किपलिंगच्या पुस्तकात तो मुळीच नाही. डिस्नेने १९६७ च्या आपल्या चित्रपटासाठी त्यास जन्मास घातले. ज्यास लुई आठवतो त्याची आठवण डिस्नेची आहे, हे निःशंक समजावे. अजगराचेही तसेच. डिस्नेचा 'का' मोगलीस गिळावयास टपलेला आहे, तर पुस्तकातील आणि जपानी मालिकेतील 'का' हा वयोवृद्ध सल्लागार आहे. लांडग्यांच्या पिल्लांची नावे अकरू आणि सुरा अशी आठवत असतील तर प्रश्नच मिटला. ही नावे केवळ जपानी मालिकेतील आहेत. मोगलीच्या हातातील बूमरँग हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे शस्त्र, आणि त्याच्यासोबत फिरणारा किची हा तांबडा पांडा. हा प्राणी हिमालयाच्या पूर्वभागात सापडतो, सिवनीच्या सागवानात नव्हे. जपानी चित्रकारांनी भूगोलाशी घेतलेली ही मोकळीक भूगोलाच्या शिक्षकास खटकेल खरी. परंतु ओळख पटविण्यासाठी अशा चुकांइतके विश्वासू साक्षीदार दुसरे नाहीत.

अर्धवट आठवणाऱ्या गोष्टीचा शोध घेताना सामान्यतः माणसे कथानक सांगत बसतात. "एक मुलगा असतो, तो जनावरांत वाढतो" एवढ्यावर काहीच ठरत नाही, कारण कथानक सर्वांचे सारखे असते. भाषा कोणती, वार कोणता, घरात रंगीत संच आला होता की नव्हता, गाणे आरंभी होते की मध्ये, कोणता प्राणी अस्थानी वाटला होता, अशा आडवळणाच्या तपशिलांनीच पत्ता लागतो. दस्तऐवजाचा काळ ठरविताना इतिहासाचा अभ्यासक कागद, वळण आणि शिक्का पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

येथपर्यंत सगळे सोपे आहे. खरी अडचण पुढे येते. मालिकेची जपानी बाजू व्यवस्थित नोंदलेली आहे: संस्था, दिग्दर्शक, प्रत्येक भागाचे नाव, प्रक्षेपणाची तारीख. आपल्याकडची बाजू मात्र दोन-तीन नामवंतांपाशी संपते. बगीरास, बालूस, खुद्द मोगलीस हिंदीत बोलते कोणी केले, संवादांचे हिंदी रूप कोणी सिद्ध केले, ही नावे ज्या घरांनी ते आवाज वर्षभर ऐकले त्यांच्या कानी कधी आलीच नाहीत. जो भाग सर्वांत अधिक आपला, तोच सर्वांत अधिक अनामिक.

सांगलीकरांस हे दुःख नवे वाटू नये. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी याच गावी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, आणि मराठी नाटकाचा आरंभ आपण तेथून मोजतो. त्यामागेही परमुलखाची प्रेरणा होती: कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांस तसे काही मराठीत करण्याची आज्ञा केली. त्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे आपापली भाषणे समयस्फूर्तीने करीत. पदे पुढे भाव्यांनी 'नाट्यकवितासंग्रह' म्हणून छापली, म्हणून ती राहिली. भाषणे वाऱ्यावर गेली. राक्षसपार्टी कोणत्या शब्दांत गरजली, विदूषकाने कोणता विनोद केला, हे आज कोणी सांगू शकत नाही. दीडशे वर्षांनंतर ध्वनिमुद्रणाची सर्व साधने हाताशी असूनही आपण त्याच ठिकाणी उभे राहावे, गाणे शिल्लक आणि बोलणाऱ्यांचा पत्ता नाही, हे नवल आहे.

दुसरे उदाहरण योगायोगाने रामकथेचेच आहे आणि अधिक बोलके आहे. ज्यांचे बालपण या शतकाच्या आरंभी उपग्रह वाहिन्यांसमोर गेले, त्यांना एक 'रामायणाची कार्टून मालिका' अंधूक आठवते. ती मालिका नव्हे. जाहिरातींनी तुकडे पाडलेला तो सुमारे सव्वादोन तासांचा एक चित्रपट होता, 'रामायण : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा'. युगो साको हे जपानी गृहस्थ १९८३ मध्ये अलाहाबादजवळील, डॉ. बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करण्यास आले आणि रामकथेने भारले गेले. परक्याने रामायणास हात लावू नये असा आक्षेप येथे निघाला. देवांना कार्टून करणार काय, हाही प्रश्न विचारला गेला. अखेर चित्रपटाचे मुख्य काम जपानमध्येच झाले. तथापि साकोंनी भारतीयांची साथ सोडली नाही. दिग्दर्शनात कोइची सासाकी यांच्याबरोबर राम मोहन होते, ज्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक मानतात. धोतर कसे नेसतात, नमस्कार कसा करतात, हे जपानी चित्रकारांस येथल्या मंडळींनी शिकविले. संगीत वनराज भाटिया यांचे. मूळ आवृत्तीतील संस्कृत गीते रचली वसंत देव यांनी. तेच वसंत देव, ज्यांनी 'घाशीराम कोतवाल' हिंदीत नेले आणि 'सारांश'च्या गीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळविला. महाराष्ट्रात किती मराठी प्राध्यापकांना ही गोष्ट ठाऊक असेल?

१९९३ मध्ये दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात हा चित्रपट दाखविला गेला. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा, रावणाचा अमरीश पुरी यांचा आणि निवेदन शत्रुघ्न सिन्हा यांचे होते. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्या झळाळीने भारतातील चित्रपटगृहांत आला, पण हिंदीचे ध्वनिमुद्रण नव्याने केलेले होते. चित्र तेच, आवाज निराळे. ज्यांनी लहानपणीचा राम पुन्हा भेटेल म्हणून मुलांस हाताशी धरून तिकिटे काढली, त्यांना राम दिसला. ऐकू आला तो दुसराच. नव्या कलावंतांचा यात अपराध नाही. पण एका पिढीच्या कानात मुरलेले ध्वनिमुद्रण हा स्वतंत्र ऐवज असतो आणि तो जपावा लागतो, याची जाणीव ना व्यवसायास आहे ना शासनास.

मग मुलांस यांतील काय दाखवावे? प्राथमिक वर्गांस मोगलीची मालिका निःसंकोच सांगावी. तीत जंगलाचा कायदा आहे, मरण आहे, पोरकेपण आहे, आणि तरीही भय पोटात राहत नाही. मात्र पाचपन्नास भाग सुट्टीच्या दोन दिवसांत उरकण्याची आजची रीत येथे नको. ती आठवड्यास एक या मापाने बेतलेली आहे. मधले सहा दिवस वाट पाहणे हा तिचा अर्धा आस्वाद आहे. कराड, पाटण आणि शिराळा या तालुक्यांतील मुलांना तर ती निराळीच भिडेल. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० मध्ये जाहीर झाला तो त्यांच्याच डोंगरांत, कोयना आणि चांदोलीच्या रानात. उसाच्या फडात बिबट्या निघाल्याची वार्ता त्यांच्या घरी नित्याची. बगीरा हा काळा बिबट्याच. पडद्यावरच्या बगीराशी मैत्री आणि फडातल्या बिबट्यापासून अंतर, हा विवेक गुरुजींनी शिकवावा. तो मालिका शिकविणार नाही.

माध्यमिक वर्गांसाठी साकोंचा चित्रपट योग्य. त्यातील युद्धाची दृश्ये आणि अयोध्येची चित्रे यांस आजच्या संगणकी झगमगाटात तोड सापडत नाही. किपलिंगचे पुस्तक त्यानंतर द्यावे, आणि देताना तो साम्राज्याचा भाट होता हेही सांगावे. चांगली गोष्ट सांगणारा माणूस राज्यकर्त्याच्या गर्वाने बोलू शकतो, हे नववी-दहावीच्या मुलास समजते.

राहता राहिला नोंदीचा प्रश्न. सातारा आणि सांगली या दोन्ही गावी एकोणिसाव्या शतकापासूनची नगर वाचनालये आहेत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या वाचनालयाची असंख्य पुस्तके भिजून गेली. ती हानी मोठी होती. तरीही गेलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक आणि प्रकाशक ठाऊक असले म्हणजे दुसरी प्रत अन्यत्र शोधता येते. दूरदर्शनच्या हिंदी आवृत्त्यांस असे दाखलपत्रच कोणी केले नाही. वाचनालयांनी एक जाड वही घालावी, वाचकांनी आठवणी आणाव्यात, चित्रपटांच्या जाणकाराने त्या पारखून नाव लिहावे, सोबत आवाज, अनुवाद आणि गीत यांचे रकाने ठेवावेत. अनुदानाची वाट पाहण्याजोगे हे काम नाही. अमरीश पुरी २००५ मध्ये गेले, युगो साको २०१२ मध्ये, राम मोहन २०१९ मध्ये, वनराज भाटिया २०२१ मध्ये. १९९३ साली ध्वनिमुद्रणाच्या खोलीत यंत्रापाशी बसलेला तिशीचा तरुण आज साठी ओलांडून गेला आहे, आणि त्या खोलीत कोण कोण येऊन बोलले हे त्याच्याच लक्षात आहे.